जुनी मारुती ८०० घरीच रंगवायची आहे: रोलर, इनॅमल आणि पाच-सहा हजारांचं बजेट

खडूरंग
गाडी १९९८ ची ८००, पांढरी, कंपनीचाच रंग. बॉनेट आणि टप खडूसारखे झालेत, बोट फिरवलं की पांढरं लागतं. पुढच्या दोन्ही दारांच्या खालच्या कडेला गंज, डिकीच्या दारावर काचेखाली फुगे. जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग, वर शेड, तीन बाजू उघड्या. कंप्रेसर नाही. पुढचं पासिंग २०२८ ला. पूर्ण रंगाचा गॅरेजचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातोय. साहित्याला पाच-सहा हजार घालून रोलरने काम होईल का? रंग कुठला, किती लागेल, टिकेल किती?

वॉटरपेपर
आधी एक तपासा. बोटाला पांढरं लागतंय म्हणजे रंग मेलेला नाही, वरचा पापुद्रा उन्हाने भाजलाय. त्या काळातल्या साध्या पांढऱ्यावर क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) नसतो, रंग एकाच थराचा. बॉनेटचा एक फूट बाय एक फूट तुकडा २००० च्या वॉटर पेपरने (आकडा मोठा तितका पेपर बारीक) साबणाच्या पाण्यात हलका घासा आणि रबिंग कंपाऊंड मारा. खालून चकचकीत पांढरा निघाला तर टप आणि बॉनेट रंगवायची गरजच नाही, फक्त दारं आणि डिकी करा. घासताना राखाडी किंवा पिवळट प्रायमर दिसायला लागला तर थर संपलाय, मग रंगवणं आलं.

दुसरी तपासणी थिनरची. दाराच्या आतल्या चौकटीवर, दिसणार नाही अशा जागी, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेला कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. कापसाला रंग भसाभस आला तर वर कोणीतरी ड्युको, म्हणजे एनसी रंग, मारलाय. सुरकुत्या पडल्या तर इनॅमल. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा २के, म्हणजे हार्डनर घालून मारलेला दोन भागांचा रंग. हीच तपासणी प्रत्येक पत्र्यावर वेगळी करा. इतक्या जुन्या गाडीचं एखादं दार किंवा मडगार्ड मध्येच कधीतरी रंगवलेलं निघतंच.

टिंटिंगवाला
वॉटरपेपर यांना +१. रंगाच्या निवडीबद्दल लिहितो.

घरी करण्यासारखे पर्याय तीन.

सिंथेटिक इनॅमल: लोखंडी गेटला मारतात तेच, चांगल्या कंपनीचं बाहेरच्या कामाचं, ग्लॉस. लिटरला साडेतीनशे-चारशेच्या आसपास. पातळ करायला एमटीओ, म्हणजे मिनरल टर्पेंटाइन. रोलरने लागतं, हवेत उडत नाही, शेजारच्या गाडीवर बसत नाही. वाळतं हळू, खरं कडक व्हायला महिना घेतं.

ड्युको, म्हणजे एनसी: झटपट वाळतं, पण फवाऱ्याशिवाय लागत नाही, घासून घासूनच चमक आणावी लागते आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर फिकं पडतं. यात पडू नका.

२के पीयू (पॉलीयुरेथेन): रंग अधिक हार्डनर. टिकाऊपणात याच्या जवळपास कोणी नाही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि फवाऱ्याचं धुकं छातीत गेलं की दमा कायमचा मागे लागू शकतो. कागदी मास्क, रुमाल, एन९५ यांचा वाफेला काही उपयोग नाही. बाहेरून नळीने ताजी हवा देणारा मास्क लागतो. तीन बाजू उघड्या असलेल्या पार्किंगमध्ये, जिथे पोरं खेळतात, तिथे २के फवारायचा नाही. यावर चर्चाही नको.

तुमच्या परिस्थितीत इनॅमलच. मात्र एक लक्षात ठेवून: एकदा अंगावर इनॅमल चढलं की पुढे त्याच्यावर २के मारता येत नाही. थिनर लागताच खालचं फुगतं, सुरकुततं. पेंटरला आधी सगळं इनॅमल काढावं लागतं आणि त्याचे पैसे तो वेगळे लावतो. दोन-चार वर्षांत गाडी नीट रंगवून घ्यायची असेल तर हे आत्ताच ठरवा.

खडूरंग
गाडी भंगारात जाईपर्यंत इनॅमलच राहील, त्याची काळजी नाही. एका लिटरमध्ये किती होईल?

टिंटिंगवाला
हिशोब मांडूनच बघा. ८०० चं बाहेरचं अंग, काचा आणि बंपर सोडून, साधारण नऊ चौरस मीटर. रोलरचा पातळ हात वाळल्यावर सुमारे १५ मायक्रॉन राहतो. सहा हात म्हणजे ९० मायक्रॉन. नऊ चौरस मीटरवर ९० मायक्रॉन म्हणजे ८१० मिलि सुका रंग. इनॅमलमध्ये आकारमानाने ४५ टक्क्यांच्या आसपास घन भाग धरला तर डब्यातला रंग १.८ लिटर. रोलर, ट्रे, सांडलवंड धरून दोन लिटर घ्या. मधल्या घासाईत २०-२५ मायक्रॉन जातात, अंगावर ६५-७० राहतात. तेवढे पुरतात.

तुलनेसाठी, २के चे ५० मायक्रॉन हवे असतील तर अंगावर एकच लिटर बसतो, पण साध्या गनमधून ६० टक्के हवेत जातो, म्हणून पेंटर अडीच लिटर मागतो. तो लबाडी करत नसतो.

दोन्ही लिटर एकाच बॅचचे घ्या आणि एका बादलीत एकत्र करून मग वापरा. दोन डब्यांतला पांढरा बारीक फरकाने वेगळा निघतो आणि तो बरोबर बॉनेट आणि मडगार्डच्या फटीवर दिसतो.

दाभोळखाडी
गंजाकडे कोणी वळलंच नाही अजून. रंग सहा हात मारा नाहीतर सोळा, खाली गंज राहिला तर पहिल्या पावसाळ्यानंतर फुगा वर.

८०० च्या दाराचा गंज आतून बाहेर येतो. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतं, दाराच्या तळाला ते बाहेर जायला भोकं असतात, ती मातीने बुजतात, पाणी आत साचतं. म्हणून आधी आतली पट्टी उघडून तार घालून भोकं मोकळी करा. नंतर रंगाने किंवा पुट्टीने ती पुन्हा बुजवू नका, हे फार होतं.

फुगा दिसतो त्याच्या दुप्पट जागा खरवडा. तारेचा ब्रश, मग ८० चा पेपर, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं तर तिथे पुट्टीचं काम नाही, पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या. भोकावर जाळी आणि पुट्टी लावून दिलेलं दार एक पावसाळा काढतं, कारण पुट्टीतली शंखजिऱ्याची भुकटी पाणी पिते आणि मागून पत्रा कुजत राहतो.

खड्ड्या-खड्ड्यात उरलेल्या काळ्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर ब्रशने लावा, बाटलीवर सांगितलेला वेळ ठेवा आणि मग पाण्याने धुऊन, पुसून, उन्हात वाळवा. हे धुणं बहुतेक लोक गाळतात. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

उघड्या पत्र्याला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, ब्रशने दोन हात. याचा हार्डनर २के पीयूच्या हार्डनरसारखा आयसोसायनेटचा नसतो, ब्रशने लावायला हरकत नाही, पण हातमोजे घाला. रेड ऑक्साइडही चालतं, स्वस्त आहे, पण ते पाणी अडवत नाही. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका, किनाऱ्यावर तर दोन तासही नाही.

वॉटरपेपर
पुट्टीचं प्रमाण: पॉलिएस्टर पुट्टी १०० ग्रॅमला हार्डनर २ ग्रॅम, म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्याला शेंगदाण्याएवढी पेस्ट. रंग सगळीकडे एकसारखा होईपर्यंत पत्रीवर कालवा, पट्टे राहता कामा नयेत. चार-पाच मिनिटांत दगड होतो, म्हणून एका वेळी एका ठिकाणापुरताच. हार्डनर जास्त घातला तर वरच्या पांढऱ्यात तो नंतर पिवळसर डाग होऊन उमटतो. कमी घातला तर चिकट राहते, पेपर भरतो. जाडी तीन मिलिमीटरच्या वर नाही, तेवढा खड्डा असेल तर आधी डेंटिंग करा. इपॉक्सीवर लावताना आधी प्रायमर १८० ने खरखरीत करून घ्या.

घासाई लाकडी ठोकळ्यावर, नुसत्या बोटांनी नाही. बोटांनी घासलेल्या दाराला ऊन तिरकं लागलं की लाटा दिसतात. ८०, १८०, ३२०. आणि पुट्टी कोरडीच घासायची, मास्क लावून.

मडगार्ड_डावं
पुट्टी कोरडी घासायची कशाला? गॅरेजमध्ये सगळे पाण्यातच घासतात. धूळ होत नाही आणि कट चांगला येतो.

वॉटरपेपर
गॅरेजमध्ये घासल्यावर हॅलोजन लावून तापवतात, किंवा गाडी दिवसभर उन्हात असते. पुट्टीने पाणी प्यायलेलं असताना वर प्रायमर गेला की ते पाणी आत कोंडतं आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी मोहरीएवढे फोड येतात. पाण्यात घासायचीच असेल तर शेवटचा ३२० चा हात तेवढा पाण्यात आणि मग पूर्ण एक दिवस ऊन. प्रायमर आणि जुना रंग मात्र पाण्यातच घासा. विशेषतः खाली पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर लागला तर अजिबात कोरडं घासू नका, त्या धुळीतलं क्रोमियम विषारी असतं.

खडूरंग
दार, डिकी समजलं. रोलरचं नेमकं तंत्र सांगा ना. आणि काचेच्या रबराचं काय करायचं? काच काढायची हिंमत नाही.

नऊनंबरपाना
काच काढू नका. ८०० ची पुढची-मागची काच रबराच्या गास्केटमध्ये बसलेली असते. कपडे वाळत घालायची तीन-चार मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची दोरी घ्या, रबराची बाहेरची कड प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला आणि दोरी सगळीकडून कडेखाली सारत जा. रबर पत्र्यापासून वर उभं राहतं. आता पेपर आणि रोलर त्याच्याखाली जातो, टेप रबराच्या अंगाला लावा. रंग वाळल्यावर दोरी ओढून घेतली की रबर रंगाच्या रेषेवर बसतं, कुठे कडा दिसत नाही. तिथे खाली गंजही बघून घ्या, काचेच्या खालच्या कोपऱ्यात हमखास असतो. दोरी हिवाळ्यात सकाळी सारू नका, रबर कडक असतं, चिरतं. उन्हात तासभर गाडी ठेवून मग.

बाकी काढायचं ते: बंपर, पुढचे-मागचे दिवे, वायपरचे हात, आरसे, बाजूच्या पट्ट्या, दाराचे बाहेरचे हँडल. स्क्रू आणि क्लिप वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर नाव. काढलेल्या गोष्टीला टेप लावावी लागत नाही आणि ओबडधोबड कड दिसत नाही. अपवाद नंबर प्लेट. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवली असेल तर तिचे स्नॅप लॉक उघडायचे नसतात, तोडावे लागतात. ती तिथेच झाका.

मास्किंग टेप रोज काढा आणि रोज नवीन लावा. स्वस्त टेप दोन दिवस उन्हात राहिली की डिंक पत्र्यावर राहतो आणि कागद हातात येतो.

वॉटरपेपर
आता रोलर.

गाडी भांडी घासायच्या साबणाने धुवा, एमटीओच्या कापडाने पुसा, कोरड्या कापडाने पुन्हा पुसा. केरोसीन नको, तेलकट थर राहतो. टायर पॉलिश आणि डॅशबोर्ड पॉलिशचे डबे त्या आठवड्यात पार्किंगमध्ये आणूही नका. त्यातल्या सिलिकॉनमुळे रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि कितीही हात मारले तरी तिथे रंग थांबत नाही.

सगळं अंग ४०० ने पाण्यात घासा, मग ६०० ने. चमक कुठेच राहू नये. चर, हँडलचा खड्डा, पन्हळी यांना पेपर पोचत नाही, तिथे हिरवा स्कॉचब्राइट. प्रायमर आणि पुट्टीच्या जागांची कड बोटाला लागता कामा नये, लागली तर रंगाखालूनही दिसते.

रोलर चार इंची, बारीक दाट फोमचा, टोकं गोल असलेला. घराच्या भिंतीचा केसाळ रोलर नाही. सहा घ्या, धुऊन वापरायच्या भानगडीत पडू नका. रंग जुन्या मोज्यातून गाळा. एमटीओ २० टक्क्यांपासून सुरू करा, थोडं थोडं वाढवा. काडी बुडवून उचलल्यावर धार दोन-तीन सेकंद सलग पडून मग थेंब व्हायला हवेत. धार तुटतच नसेल तर घट्ट आहे, संत्र्याच्या सालीसारखं होणार. उभ्या दारावरून ओघळत असेल तर पातळ झालाय.

एका वेळी दीड फूट बाय दीड फूट. रंग पसरवा, आडवा-उभा फिरवा आणि शेवटी रोलरच्या वजनानेच, दाब न देता, एका दिशेने. बुडबुडे दिसतील, मिनिटभरात आपोआप फुटायला हवेत. नाही फुटले तर अजून थोडं एमटीओ. तीन मिनिटांनंतर मागे वळून काही सुधारायला जाऊ नका. मच्छर बसला तर बसू दे, वाळल्यावर ६०० ने घासला की पाय पण राहत नाहीत. बोटाने काढायला गेलात तर खड्डा.

पहिला हात बघून पोटात गोळा येईल. खालचं सगळं दिसतं, डागाडागांचं असतं. तसंच असायला हवं. पहिल्याच हातात झाकायला गेलं की थर जाड होतो, वर साय धरते, आत ओलं राहतं आणि दुसरा हात बसल्यावर सगळं सुरकुततं. दोन हातांच्या मध्ये २४ तास. दर दोन हातांनंतर दोन दिवस थांबून ८०० ने पाण्यात घासाई. असे सहा.

दाभोळखाडी
हवामान: डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळचं दव वाळल्यावर नऊ-दहाला सुरू करा आणि दुपारी दोनपर्यंत रोलर खाली ठेवा. संध्याकाळी पत्रा हवेपेक्षा आधी थंड होतो, त्याच्यावर दव बसतं आणि ओल्या इनॅमलची चमक जाते, सकाळी धुरकट दिसतं. बंदरपट्टीवर गाडी आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा, खाऱ्या वाऱ्याचं मीठ रंगाखाली अडकलं की फोड नक्की. मेमध्ये रंग रोलरवरच ओढायला लागतो. पावसाळ्याचा तर विचारच नको.

मडगार्ड_डावं
इनॅमल पिवळं पडतं ना पण? पांढऱ्याला तर जास्तच.

टिंटिंगवाला
पडतं, आणि उलट्या ठिकाणी पडतं. उन्हात ते विरंजन होऊन पांढरं राहतं, अंधारात पिवळं होतं. म्हणून दाराच्या चौकटी, डिकीच्या आतली बाजू, बॉनेटखाली इनॅमल लावूच नका, तिथला कंपनीचा रंग कंपाऊंडने उजळा. बाहेर उन्हाने दुसरं होतं: दीड-दोन वर्षांत चमक उतरते, पुन्हा कंपाऊंड आणि वॅक्स. टप सगळ्यात आधी जातो. शेडमध्ये राहणाऱ्या गाडीला चार-पाच वर्षं ठीकठाक दिसेल, रस्त्यावर उभ्या गाडीला निम्मी धरा.

डब्यातला तयार पांढरा ८०० च्या सुपीरियर व्हाइटशी, कोड २६यू, तंतोतंत जुळणार नाही. त्यामुळे दाराचा खालचा अर्धाच भाग वगैरे करू नका. पूर्ण पॅनेल, कडेपर्यंत. वॉटरपेपरच्या तपासणीत टप-बॉनेट वाचले तर बाजू आणि डिकी इनॅमल, वरचं मूळ, असं चालतं. आडव्या आणि उभ्या पृष्ठभागावरचा फरक डोळ्याला फारसा कळत नाही.

आणि धागा वाचून कोणी मेटॅलिक गाडीवर रोलर फिरवू नये. त्यातले ॲल्युमिनियमचे कण रोलरने हवे तसे आडवेतिडवे बसतात आणि गाडी झेब्रा होते.

नऊनंबरपाना
पांढऱ्यावर पांढरा असल्याने आरटीओचा प्रश्न नाही. रंग बदलणार असाल तर आरसीवरची नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं, नाहीतर पासिंगला अडकता.

अवांतर: एमटीओ आणि इनॅमलची कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि पेट घेऊ शकतात. एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर नक्कीच.

खडूरंग
टपावर आज तपासणी केली. २००० आणि कंपाऊंडने बॉनेट छान उजळलं, टपावर मात्र मध्यभागी राखाडी दिसला. म्हणजे टप, दोन्ही बाजू आणि डिकी. साहित्याची यादी अशी केली आहे: इनॅमल दोन लिटर, एमटीओ दोन लिटर, इपॉक्सी प्रायमर अर्धा लिटरचा सेट, पुट्टी एक किलो, रोलर सहा, टेप दहा, पेपर ८० आणि १८० चे पाच-पाच, ३२०, ४००, ६०० चे दहा-दहा, ८०० चे आठ, १०००, १५००, २००० चे पाच-पाच, कंपाऊंड एक डबा. पाच हजारांच्या थोडं खालीच बसतंय. काही राहिलं?

वॉटरपेपर
बॉनेट वजा झालं, इनॅमलमधलं पाव लिटर उरेल. ते बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, खरचटलं की लागेल. ६०० चे पाच वाढवा. मास्क आणि हातमोजे यादीत नाहीत. पुट्टी पसरायच्या दोन प्लॅस्टिकच्या पत्र्याही.

शेवटची घासाई घाईने करू नका. सहाव्या हातानंतर किमान तीन आठवडे गाडी तशीच वापरा, मग १०००, १५००, २००० आणि कंपाऊंड हाताने. अंगठ्याचं नख दाबल्यावर खूण राहत असेल तर अजून आठवडा. बफिंग मशीन जोरात लावलं तर इनॅमल तापून मऊ होतं आणि कडांवरून निघून येतं. कडांना कंपाऊंडच्या आधी टेप लावा. वॅक्स दोन-तीन महिन्यांनी.

खडूरंग
सुरुवात टपापासून करू का? वरून खाली?

वॉटरपेपर
घासाई वरून खाली. रंगाचा पहिला रोलर मात्र ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूच्या मागच्या मडगार्डवर फिरवा. एमटीओचं प्रमाण, हाताचा दाब, बुडबुडे, सगळं तिथे जमवून घ्या. दोन्ही बाजू झाल्या की डिकी आणि टप सगळ्यात शेवटी, दोन्ही बाजूंनी स्टूल ठेवून, मध्यापर्यंत अर्धा-अर्धा. दुसऱ्या बाजूने रोलर फिरवायला एक माणूस मिळाला तर मधली कड ओली असतानाच मिळते.